बंद दारांची यादी

४ मार्च

ताई,

दोन वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी मी नेहमीसारखा लवकर उठलो, आंघोळ केली, देवापुढे दोन मिनिटं हात जोडून बसलो आणि 'आजचं काम स्वच्छ होऊ दे' एवढंच मागितलं. मग खिशात खडू टाकला, पाहणीची वही काखेत मारली आणि तुझ्या गल्लीत आलो. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. एकेचाळीस नंबरच्या दाराला कुलूप होतं. मी दारावर खडूची तिसरी रेघ ओढली, वहीत 'बंद' असा शेरा लिहिला आणि पुढच्या दाराकडे वळलो.

यात तुला नवीन काही नाही. समोरच्या शिंप्याने त्याच संध्याकाळी तुझ्या कानावर घातलं असणार, कारण तो मशीन थांबवून माझ्याकडे बघत होता. तरी लिहितोय, कारण मी माझ्या तोंडाने ते तुला कधी सांगितलंच नाही. यादी लागली तेव्हा तू घरी आलीस, "माझं नाव कुठाय रे?" म्हणालीस, आणि मी तुला नियम वाचून दाखवला. जिने माझा हात धरून पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतलं, तिला मी पाण्याचा पेलासुद्धा न देता नियम वाचून दाखवला. तीन दिवस, तीन फेऱ्या. घरात माणूस सापडला तर ते घर धरायचं आणि त्याला नव्या इमारतीत खोली द्यायची. तिन्ही वेळा कुलूप दिसलं तर तिथे कोणी राहत नाही असं समजायचं. तू शेवटपर्यंत ऐकून घेतलंस, पदर सारखा केलास आणि निघून गेलीस. पुढे दोन महिन्यांनी खोलीला कुलूप लावून लेकीकडे राहायला गेल्याचंही मला शिंप्याकडूनच कळलं.

आता कामाचं. गल्लीमागच्या मैदानावर इमारती पूर्ण झाल्या आहेत. खिडक्या बसल्या, जिन्यांना कठडे लागले, पाणी वरच्या मजल्यापर्यंत चढतं की नाही ते परवा मी स्वतः नळ सोडून पाहिलं. चढतं. शेवटची यादी या महिन्याच्या एकतीस तारखेला बंद होणार. 'बंद' शेरा खोडायचा तर एकच वाट आहे: ज्याने तो लिहिला त्याने स्वतः लेखी निवेदन द्यायचं. म्हणजे मी. आणि मी ते देणार आहे. तू फक्त एका कोऱ्या अर्जावर सही करून पाठव. रुग्णालयाच्या धुलाईघरातून तुझ्या कामाच्या वेळांचं पत्र मी आणतो.

तुझी भावजय म्हणते, पत्र कशाला, सरळ फोन करा. पण माझा नंबर दिसला की तू फोन उचलत नाहीस हे तिलाही ठाऊक आहे. पत्र निदान उशाखाली तरी राहतं.

तुझा धाकटा

१२ मार्च

ताई,

भाचीचा फोन आला. लाजत लाजत म्हणाली, "मामा, आईचा निरोप आहे. तसाच्या तसा सांगायला सांगितलाय. म्हणाली, साहेबांना सांग, तिसरी रेघ फार सरळ आली होती."

दोन दिवस वहीत रेघ ओढताना ते वाक्य आठवत राहिलं. पण खरं सांगू, आत कुठेतरी बरं वाटलं. टोमणा मारलास म्हणजे तू मला अजून पुरतं सोडलेलं नाहीस. परक्या माणसाला तू टोमणे मारत नाहीस, त्याच्याशी गोड बोलतेस.

काल सकाळी सहाला तुझ्या गल्लीत गेलो. इतकी वर्षं या खात्यात काढली, शेकडो गल्ल्या पालथ्या घातल्या, पण सकाळी सहाला कधी गेलो नव्हतो. आमची पाहणी अकरा ते पाच. कार्यालय उघडतं तेव्हा पाहणी सुरू होते.

काय पाहिलं सांगतो. एकामागून एक दारं उघडत होती आणि माणसं बाहेर पडत होती. डबा, पिशवी, कुलपाचा खटका, ओढून बघितलेलं कुलूप, की चालू लागली. नवरा एका वाटेने, बायको दुसऱ्या. कोपऱ्यावरची ती उंच बाई, जिच्याशी तुझी नळावरून जुंपायची, ती आणि तिच्या दोन्ही मुली एकदम निघाल्या. साडेसातला अर्धी गल्ली कुलूपबंद होती. मी वही उघडली आणि ज्या दारांपुढे मी दोन वर्षांपूर्वी 'बंद' लिहिलं होतं त्यांच्याशी ताडून पाहिलं. तेवीस दारं. तेवीसच्या तेवीस घरांतली सगळी धडधाकट माणसं कामावर जाणारी. ज्यांच्या घरात कोणी रिकामं बसलं होतं त्यांना खोल्या मिळाल्या, आणि ज्या घरात सगळेच राबत होते ती घरं मी रिकामी ठरवली.

ताई, मी तुझ्या दाराच्या दगडी पायरीवर खाली बसलो.

शिंपी मशीनवरचं कापड काढत म्हणाला, "आज एवढ्या सकाळी? कार्यालय जळालं की काय?"

"नाही हो. सहज आलो."

"सहज! बावीस वर्षं राहिली तुमची ताई त्या खोलीत. त्यातली सहा वर्षं तुम्ही तिच्या माळ्यावर झोपलात. तुमची पहिली पँट मी शिवली, मापं आहेत अजून वहीत. आणि सहज म्हणे."

"मापं अजून आहेत?"

"आहेत. फक्त कंबर बदललीय. पाठ तेवढीच आहे, आम्हाला दाखवली तीच."

त्याने चहा मागवला. माझ्या हातात कप देताना म्हणाला, "रागावू नका, पण त्या दिवशी तुम्ही नुसती हाक मारली असती ना, 'काय हो, इथे कोण राहतं?' तर गल्लीतल्या दहा तोंडांनी सांगितलं असतं. तुम्ही हाकच मारली नाहीत."

त्याचं बरोबर आहे. नियमात शेजाऱ्यांना विचारायची मनाई नव्हती. विचारावं असंही लिहिलेलं नव्हतं.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी गाळली. शिंप्यालाही ती ठाऊक नाही. त्या सकाळी तुझ्या कुलपाची दुसरी किल्ली माझ्या खिशात होती. तूच दिली होतीस, 'माझं कधी बरंवाईट झालं तर दार फोडायला नको' म्हणून. खडू आणि किल्ली एकाच खिशात होती. खडू काढताना ती माझ्या बोटांना लागली. मी खडू काढला आणि किल्ली तशीच राहू दिली.

तुझा धाकटा

२० मार्च

ताई,

लिफाफा मिळाला. आत नुसता सही केलेला अर्ज, बाकी अवाक्षर नाही. कागद उलटापालटा करून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून. पण सही अगदी ठसठशीत आहे. तीच तुझी जुनी सही, शेवटच्या अक्षरावर जोर देऊन काढलेली, कोणीतरी पुसेल याची खात्री असल्यासारखी. तुझी भावजय म्हणाली, "पाठवली ना? मग झालं तर. आता तुम्ही तोंड वर करून हिंडू नका म्हणजे मिळवली."

धुलाईघरात गेलो. वाफेने माझा चष्मा धुरकटला. तिथला मुकादम तुझं नाव काढताच उठून उभा राहिला. म्हणाला, चादरी मोजताना तुमच्या ताईची एकदाही चूक झाली नाही, आणि कोणाला झोपू दिलं असंही झालं नाही. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा अशी वेळ त्याने शिक्क्यानिशी लिहून दिली.

मग मी आमच्या मोठ्या बाईंकडे गेलो. त्या आमच्या खात्याच्या प्रमुख. वयाने माझ्याहून लहान, पण कामाला चोख, आणि खोटं चटकन ओळखणाऱ्या. मी म्हटलं, एकेचाळीस नंबरच्या खोलीचा शेरा चुकला आहे, दुरुस्त करायचा आहे.

"एकच खोली आहे ना?" त्या म्हणाल्या. "मग निवेदन वगैरे कशाला? उतरवून घेताना झालेली चूक म्हणून मी सही करते. उद्या नाव यादीत येईल. कोणाची खोली आहे?"

"एका ओळखीच्या बाईंची," मी म्हणालो.

ताई, मी हेच शब्द वापरले. तुझ्यापासून लपवायचं तर ही पत्रं लिहिण्यात काय अर्थ आहे? कार्यालयात लागल्यापासून मी कोणालाही सांगितलं नाही की त्या गल्लीत माझी बहीण राहते. तिथे सगळे शहरात शिकलेले. मी खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेतून आलेला. त्यात माझी बहीण रुग्णालयाच्या चादरी धुते आणि मी तिच्या माळ्यावर झोपून मोठा झालो, हे कळलं तर आपली पायरी उतरेल असं मला वाटायचं. त्या सकाळी हाक मारली असती तर कोणीतरी गल्लीतून ओरडलं असतं, 'अहो, तुमचीच बहीण की!' आणि बरोबर आलेल्या कारकुनाने ते ऐकलं असतं. खरं कारण एवढंच आहे. नियम मागाहून सापडला. देवाकडे मी स्वच्छ काम मागितलं असं तुला लिहिलं, पण माझ्या मनात होतं ते माझं नाव.

तर बाईंनी दाखवलेली वाट सोपी आहे. कोणाला कळणार नाही, माझं पर्यवेक्षकाचं पद जिथल्या तिथे राहील आणि तुझी खोली पक्की होईल. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं, आणि डोळ्यांसमोर ती सकाळची कुलपं आली. मी विचारलं, "आणि अशा तेवीस असतील तर?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तेवीस असतील तर उतरवून घेण्यातली चूक म्हणता येणार नाही. पाहणीच चुकली म्हणावं लागेल. तुम्हाला लेखी द्यावं लागेल, तुमची चौकशी होईल, आणि सगळ्यांची फेरपाहणी. फेरपाहणीत कोण राहील, कोण गळेल, मी आज सांगू शकत नाही. तुमच्या ओळखीच्या बाईंचंही सांगू शकत नाही."

म्हणजे असं आहे. गुपचूप केलं तर तुझी खोली नक्की, आणि बावीस घरं वाऱ्यावर. उघड केलं तर सगळ्यांना संधी, पण तुझी खात्री जाते.

रात्री जेवताना घरी सांगितलं. तुझी भावजय ताट सरकवून म्हणाली, "तुमच्या तत्त्वाला दर वेळी तुमचीच बहीण कशी सापडते हो? मागच्या वेळी नियमासाठी तिला काढलंत. आता न्यायासाठी काढणार. त्या माउलीने करायचं तरी काय?"

म्हणून तुला विचारतोय. खोली तुझी आहे. तू 'गुपचूप कर' म्हणालीस तर मी उद्याच बाईंकडे जाईन आणि पुढे कधी त्याबद्दल एक शब्द काढणार नाही. तू सांगशील तसं.

तुझा धाकटा

२७ मार्च

ताई,

तू फोनवर जे बोललीस ते मी लिहून ठेवतोय. उद्या कोणी म्हणालं की असं बोलणं झालंच नाही, तर माझ्याकडे आणि तुझ्याकडे दोन्हीकडे कागद असावा. कार्यालयाची सवय, दुसरं काय.

हॅलोबिलो काही नाही. दोन वर्षांनी तुझा आवाज आला तो थेट, "त्या तेविसांत कोण कोण आहे? वाच."

मी वही आणली आणि वाचायला लागलो. तू प्रत्येकावर शेरा मारत होतीस, माझ्यापेक्षा बरे शेरे. "तो पंपावरचा? हो, दोघं नवराबायको पाळ्या करतात, माणसं चांगली." "ती नर्सबाई? तिच्या म्हाताऱ्या सासूला मीच औषध द्यायचे. सासू घरात होती की रे!" मी म्हटलं, बहिरी आहे, दार ठोठावलेलं तिला ऐकू आलं नसेल. बाहेरून कुलूप होतं. तू म्हणालीस, "असं लिहिलंस का? नाही ना? आता लिही."

मग कोपऱ्यावरच्या उंच बाईचं नाव आलं.

"ती? पाच वर्षं माझ्या बादलीपुढे तिची बादली."

"तिचंही नाव आहे, ताई."

"असू दे. नव्या इमारतीत भांडायला कोणीतरी नको का? अनोळखी माणसाशी भांडण्यात काय मजा?"

मी हसलो. तूही हसलीस बहुतेक, पण लगेच म्हणालीस, "आणि काय रे, ओळखीची बाई?"

मी वही मिटली.

"त्या ओळखीच्या बाईने सहा वर्षं तुला माळ्यावर झोपवून स्वतः दाराशी अंग टाकलं. तुझ्या परीक्षेच्या वेळी पंखा तुझ्याकडे आणि पदराचा वारा स्वतःला. बरीच ओळख म्हणायची."

"चुकलं, ताई."

"चुकलं ते दिसतंच आहे. सगळ्या गल्लीला दिसलं." मग आवाज खाली आणून म्हणालीस, "मागच्या वेळी तू मला विचारलं नव्हतंस. दुखलं ते त्याचं. खोलीचं काय, मी माळावरही राहीन. आता विचारलंस. म्हणून सांगते. तेवीसच्या तेवीस दे. माझ्या एकटीचं दार उघडलं आणि शेजारी बावीस कुलपं दिसली, तर मला त्या नव्या घरात घास जाणार नाही."

"पण तुझं नाव गळलं तर?"

"तर गळलं. लेक काही हाकलून देत नाही. जावई दोन वेळा 'आई, राहा' म्हणतो, तिसऱ्यांदा म्हणत नाही, पण चांगला आहे." आणि मग तू म्हणालीस, "भावजयीला सांग, तिचं म्हणणं मला पटलं. पण तिला तुझी काळजी जास्त आहे, माझी कमी. तसंच असायला हवं."

निरोप पोचवला. ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जास्तच आपटत घासली. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "ताई आल्या की आपल्याकडे उतरतील ना? आधी विचारून ठेवा. तुम्हाला आता विचारायला येतं म्हणे."

तर विचारतो. उतरशील?

तुझा धाकटा

३० मार्च

ताई,

काल मी मोठ्या बाईंसमोर बसून सगळं सांगितलं. आधी तेवीस दारं, मग अकरा ते पाचची पाहणी, मग किल्ली, आणि शेवटी, ओळखीची बाई नव्हे, बहीण आहे. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "हे दोन वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? तिथे माझी बहीण राहते, एवढं म्हणाला असतात तर मी त्या गल्लीसाठी दुसरा माणूस पाठवला असता. पाच मिनिटांचं काम होतं."

पाच मिनिटांचं काम होतं, ताई. त्याला कोणता नियम आड येत नव्हता. उलट आपल्या नात्यातल्या घराची पाहणी आपण करायची नाही, हाच नियम होता, आणि नेमका तेवढाच मी पाळला नाही.

पर्यवेक्षकाची खुर्ची चौकशी होईपर्यंत दुसऱ्याकडे गेली. मला वाटलं होतं, आत काहीतरी कोसळेल. तसं काही झालं नाही. आज सकाळी हात जोडून बसलो तर काही मागावंसंच वाटेना, नुसता बसून राहिलो आणि पाय हलके झाल्यासारखे उठलो. बाईंनी एक काम मात्र माझ्याकडे ठेवलं आहे: पुढे कोणत्याही वस्तीची पाहणी करताना एक फेरी सकाळी सहाची आणि एक संध्याकाळी आठची असावी, आणि कुलूप दिसलं तर दोन शेजाऱ्यांचे जबाब घ्यावेत, असा मसुदा मी लिहायचा. लिहायला घेतला आहे. शिंप्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "माप बरोबर घेतलंत या वेळी."

निवेदन एकतीसच्या आत आलं, म्हणून या तेवीस खोल्यांपुरती यादी उघडी राहणार आहे. फेरपाहणी सहा तारखेला, सकाळी सहा वाजता. तुझ्या दाराशी माझ्याऐवजी दुसरा माणूस येईल, तो मला ओळखतही नाही. तू दारात उभी असायला हवीस. पाच तारखेलाच ये. तुझी भावजय मागची खोली झाडून बसली आहे, आणि मला त्या खोलीत पाऊल टाकू देत नाही.

आता शेवटचं. आज दुपारी बारा वाजता मी आवक खिडकीवर निवेदन दिलं. छापील नमुना आहे. प्रत्येक खोलीपुढे एक रकाना: 'निवेदन देणाऱ्याचं राहणाऱ्याशी नातं'. मी खिडकीशीच उभा राहून भरला. बावीस ओळींपुढे 'नातं नाही' असं लिहिलं. एकेचाळीस नंबरपुढे लिहिलं, 'सख्खी थोरली बहीण. हिने मला वाढवलं.' रकाना अरुंद होता, अक्षरं रेघेबाहेर गेली. मागे रांगेत आमच्याच कार्यालयातले चौघेजण उभे होते. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं आणि मोठ्याने वाचलं, मग म्हणाला, "साहेब, नातं तेवढं पुरे की. पुढचं कशाला? खोडू?"

मी म्हटलं, "नको. राहू दे."

त्याने शिक्का मारला.

तुझा धाकटा